जिथनं फोन जेवतो

तुमच्या शेजारच्या घरातला बल्ब काढून आणला तर तो तुमच्या होल्डरला बसतो. मग त्याच शेजाऱ्याच्या मोबाईलचा चार्जर तुमच्या मोबाईलला का बसत नाही?

घाईने उत्तर देऊ नका. ‘कंपन्या वेगळ्या आहेत’ हे उत्तर नव्हे. बल्बच्या कंपन्याही वेगळ्याच असतात, आणि त्यांचं एकमेकींशी काही फार गोडीगुलाबीचं नाही. तरी बल्ब बसतो, कारण कधीकाळी कुणीतरी त्यांना बसवायला लावलं. मोबाईलवाल्यांना अजून कुणी लावलेलं नाही. एवढंच खरं उत्तर आहे. ते मी सांगलीत स्टेशन रोडच्या एका दुकानात, काउंटरमागे बसून शिकले आणि त्याच काउंटरवरून मला उठवण्यात आलं.

मी मूळची साताऱ्याची. वडील छापखान्यात. सभांची, संपांची, निषेधाची पत्रकं आमच्याकडे रद्दीसारखी असायची, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि मगदूम अण्णांकडे नोकरीला लागले. अण्णा सांगलीचे जुने व्यापारी. पंखे, मिक्सर विकता विकता त्यांनी एका मोबाईल कंपनीची एजन्सी घेतली होती. विक्री ते बघत, दुरुस्ती मी.

ज्यांनी हे यंत्र हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोबाईल ही आज तरी साखर कारखान्याचे डायरेक्टर, हळदीचे व्यापारी, बिल्डर आणि या सर्वांचे मेहुणे यांच्याकडची वस्तू आहे. आलेल्या फोनचेही पैसे पडतात, म्हणून खिशात वाजला की माणूस नुसता नंबर बघतो, बंद करतो आणि समोरच्या बूथवरून उलटा फोन लावतो. या यंत्राच्या पोटात एक बॅटरी असते आणि तिला रोज विजेचं जेवण लागतं. त्यासाठी फोनच्या बुडाशी एक फट असते. फटीत पितळेच्या बारीक पत्र्या. एक प्लस, एक मायनस आणि मध्ये एखाददुसरी, जिच्यावरून फोन ओळखतो की काय जोडलं आहे. चार्जरचं तोंड या फटीत बसतं. बस्स. यात कसलंही गुपित नाही.

पण आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळेच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला वेगळ्या जातीचा चार्जर लटकत होता. बारीक गोल पिनीचा, जाड गोल पिनीचा, चपट्या तोंडाचा, दोन बाजूंना अडकवायचे गळासारखे आकडे असलेला. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलना दोन खिळे. अण्णांच्या गल्ल्याला ती भिंत लक्ष्मीसारखी होती. मला ती बघितली की संताप यायचा.

लोक मला म्हणायचे, एवढं चिडायचं काय त्यात? म्हणून कवठे महांकाळच्या बापूंची गोष्ट सांगते. बापू द्राक्षांचे व्यापारी. त्यांच्या गावात रेंज नव्हती. फोन त्यांच्याबरोबर मुका प्रवास करायचा आणि सांगलीच्या यार्डात आला की वाजायचा. एक दिवस त्यांनी टॉवेलच्या टोकात बांधलेला फोन माझ्यासमोर सोडला. बुडाशी वितळलेला.

“ताई, बघा की याला काय झालंय. जेवायला बसताना चार्जिंगला लावला, हात धुतोय तवर वास सुटला.”

“कुठला चार्जर लावला होता?”

बापूंनी खिशातून चार्जर काढला. तो घरातल्या टॉर्चचा होता.

“बापू, हा टॉर्चचा आहे.”

“बसला की.”

“बसला तरी फोनचा नाही तो.”

“आवं ताई, बसत नसता तर मी घातला असता का? मी काय हातोड्यानं ठोकला न्हाई. जावई सासरवाडीत शिरतोय तसा आपसूक आत गेला!”

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. पण संध्याकाळी तो फोन उघडताना माझ्या लक्षात आलं की बापूंचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. दोन्ही पिनी दिसायला सारख्या, मापाला सारख्या. आतून मात्र उलट्या. फोनच्या पिनीचं आतलं टोक प्लस, टॉर्चच्या पिनीचं मायनस, आणि वर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जवळजवळ दुप्पट. ज्याने ही पिन निवडली त्याला हे ठाऊक होतं. बापूंना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. माणूस वस्तूला एकच प्रश्न विचारतो: बसतेस का? वस्तूने खरं उत्तर द्यायला हवं. इथे जे एकसारखं असायला हवं होतं ते भिंतभर तऱ्हांचं होतं, आणि जे एकमेकांत चुकूनही जायला नको होतं ते जावयासारखं आत जात होतं. दोन्हींची किंमत बापूंनीच द्यायची.

मी दुकानात लागले त्याच वर्षीचा दसरा. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर रांग. सगळ्यांची तक्रार एकच: फोन चार्ज होत नाही. मी भिंग लावून फटीत बघितलं तर आत लाल. मला वाटलं गंज. कापसावर घेतलं, बोटावर चोळलं. कुंकू होतं!

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. सुताराचा रंधा, व्यापाऱ्याचा तराजू, डॉक्टरांचा स्टेथस्कोप, ड्रायव्हरची गाडी. त्या वर्षी पाटावर पहिल्यांदाच मोबाईल बसला होता. पण कुंकू नेमकं फटीतच का, ते मला कळेना. ते मला हणमंतदादांनी सांगितलं.

हणमंतदादा जाधव उंब्रजचे. फौजेत गाड्या चालवून निवृत्त झालेले. उंब्रज हायवेवर आहे आणि तिथला अपघात म्हणजे रोजच्या पेपरातली तीन ओळींची बातमी. गावातल्या पोरांच्या मंडळाने एका वर्षी गणपतीतला लाऊडस्पीकर बंद केला आणि वर्गणीतून एक जुनी जीप घेतली. मागची बाकं काढून स्ट्रेचर बसवलं. ड्रायव्हर हणमंतदादा, बिनपगारी. आधी लोकांना पंक्चरवाल्याच्या दुकानातला फोन नंबर दिला होता, पण तो अर्धे दिवस बंद, आणि चालू असेल तेव्हा जीप कराडला गेलेली. म्हणून मंडळाने मोबाईल घेतला, आमच्याच दुकानातून. तो जीपमध्येच राहायचा, आणि त्याचा नंबर हायवेच्या दोन्ही अंगांना ढाब्यांवर, रसवंतीवर, पंक्चरच्या दुकानावर रंगवलेला होता.

“दादा, कुंकू इथे का लावलंत?” मी विचारलं.

“मग कुठं लावायचं?” ते गोंधळले. “काचंवर लावलं तर नंबर दिसंना. कानाच्या जाळीवर लावलं तर ऐकू यीना. मंडळींनी विचार केला, ते जिथनं जेवतंय तिथं लावावं. तेच त्याचं तोंड.”

“बरं. आणि मग?”

“मग काय, पूजा झाली म्हटल्यावर निवद नको? लगीच चार्जिंगला लावला.”

मला हसावं की रडावं कळेना. ओलं कुंकू, वर शिंपडलेलं पाणी आणि त्यात वाहणारी वीज. बाकीच्यांच्या फटी मी स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने साफ करून दिल्या. हणमंतदादांचा फोन निवद खाऊन बसला होता. पत्र्या हिरव्या पडून झिजल्या होत्या. अख्खी फट बदलायला हवी होती. फोन नवा, वॉरंटीतला. मी म्हटलं, काळजी नको, कंपनी बदलून देईल.

योगायोगाने त्याच दिवशी कंपनीचे पुण्याचे साहेब दुकानात होते. त्यांनी फोन भिंगाखाली धरला आणि परत ठेवला.

“वॉरंटीत नाही बसणार. फॉरेन मटेरियल.”

“फॉरेन?” हणमंतदादा म्हणाले. “साहेब, फोन फॉरेनचा हाय. कुंकू हितलंच हाय.”

“तसं नाही हो काका. म्हणजे बाहेरचा पदार्थ. मॅडम, कस्टमरची चूक असं लिहून टाका.”

“चूक त्यांची नाही,” मी म्हणाले. “ही फट उघडी का आहे? टॉर्चलासुद्धा रबराची टोपी असते.”

“ज्यांनी हा फोन डिझाइन केला त्यांच्या देशात कुणी फोनला कुंकू लावत नाही.”

“मग विकला कुठे?”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली, समजावलं. म्हणाले, “उद्या सगळे चार्जर सगळ्या फोनना बसायला लागले, आणि कुणी फुटपाथवरचा स्वस्तातला लावून बॅटरी पेटवली, तर जबाबदार कोण?” मला बापू आठवले. या प्रश्नात तथ्य होतं आणि मी ते मान्य केलं. म्हणूनच म्हणाले, “नुसतं माप एक करून चालणार नाही. माप, दाब आणि प्लस-मायनस, तिन्ही एक करा. सगळ्या कंपन्यांनी बसून करा. बल्बवाल्यांनी केलं ना?”

“मॅडम, तुम्ही निबंध फार छान लिहाल,” साहेब म्हणाले आणि पुढच्या फोनकडे वळले.

मी ‘कस्टमरची चूक’ लिहिलं नाही. त्यांनीच लिहिलं. हणमंतदादा ते उभ्याने बघत होते. फौजेतला माणूस, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, “साहेब, आमी फोन फोडला न्हाई, पाण्यात टाकला न्हाई. पुजला. पुजल्याला चूक म्हणतासा व्हय?”

साहेब गेल्यावर अण्णा माझ्याकडे बघत बसले. “काय गं पोरी, कंपनी आपल्याला जेवायला घालतीय आणि तू तिच्या ताटात माती टाकतीस?”

“अण्णा, त्या जीपचा फोन बंद आहे.”

“मग मी काय करू?”

“भंगारच्या डब्यात याच मॉडेलचा एक फुटका फोन आहे. त्याची फट काढते आणि याला लावते.”

“कंपनीला कळलं तर एजन्सी जाईल.” अण्णांनी टोपी घातली आणि उठले. “मी बस्तीत दर्शनाला जाऊन येतो. मला काय दिसलं न्हाई.” अण्णा मोठ्या मनाचे होते, फक्त ते मन दुकानाबाहेर पडल्यावरच मोठं व्हायचं.

फट बदलली. फोन द्यायला मी स्वतः एसटीने उंब्रजला गेले, कारण जीपमध्ये चार्जिंग कसं होतं ते मला बघायचं होतं. हणमंतदादा स्टॉपवर घ्यायला आले होते, आणि जवळच शब्बीरभाईंचं पंक्चरचं दुकान. दुकानाच्या भिंतीवर चुन्याचा एक ताजा पांढरा पट्टा होता. मी हणमंतदादांना विचारलं, “नंबर कुठाय?”

“पुसला,” शब्बीरभाई टायरमधून मान वर न काढता म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. फोन बंद असताना, एका पहाटे हे दुकानही उघडायच्या आधी, पुलाजवळ एका दूधवाल्याला ट्रकने उडवलं होतं. ट्रकवाला पळाला नाही. समोरच्या बूथवरून त्याने या भिंतीवरचा नंबर लावला. पुन्हा लावला. पुन्हा. जीप पलीकडे देवळामागे उभी होती, हाकेच्या अंतरावर. पण तो परमुलखातला ड्रायव्हर, त्याला काय माहीत? शेवटी दूधवाल्याला उसाच्या ट्रॅक्टरमधून कराडला नेलं. तो जगला. पाय काढावा लागला. उशिरामुळे काढावा लागला की कसाही जाणारच होता, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

“ताई,” शब्बीरभाई म्हणाले, “नंबर लिवलेला नसता तर त्या ट्रकवाल्यानं आरडून माणसं गोळा केली असती. आमची भित खोटं बोलली. खोटं बोलणारी भित मला नको. म्हणून पुसला.”

हणमंतदादा खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, “एकदा वाजून उचलला न्हाई की माणूस दुसऱ्यांदा लावत न्हाई. मंडळातली मोठी माणसंबी म्हणायला लागल्यात, जीप इकून टाका.”

मी फोन चालू केला आणि हणमंतदादांनी तो जीपमध्ये नेऊन ठेवला. शब्बीरभाईंना तेवढ्यावर पटेना. “वाजवून दावा,” म्हणाले. मी बूथवर गेले आणि नंबर फिरवला. देवळामागून जीपमधली घंटी आम्हा सगळ्यांना ऐकू आली. शब्बीरभाईंनी हात पुसले, रंगाचा डबा आणला आणि चुन्यावर पुन्हा एकेक आकडा काढला. शेवटचा आकडा काढून म्हणाले, “दादा, दुसऱ्यांदा लिवतोय. तिसऱ्यांदा लिवणार न्हाई.”

जीपमध्ये मी काय बघितलं तेही सांगते. चार्जिंगची वायर वीतभर, म्हणून फोन स्टिअरिंगखाली वायरलाच लोंबकळत असायचा आणि खड्ड्यागणिक झोके खायचा. सगळं वजन वायरच्या मानेवर, जिथे ती चार्जरच्या तोंडात शिरते तिथे. ती मान एक ना एक दिवस तुटणार हे मला दिसत होतं. मी तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. फटीला त्याच ट्यूबची टोपी करून दिली.

उन्हाळ्यात मान तुटली. हणमंतदादा सांगलीला आले तेव्हा त्यांच्या मॉडेलचा खिळा रिकामा होता. कंपनीने ते मॉडेल बंद केलं होतं. चार्जरही बंद. शेजारच्या खिळ्यावर नव्या मॉडेलचा चार्जर होता. मी दोन्ही तोंडं शेजारी धरली. पत्र्या तेवढ्याच, त्यांच्यातलं अंतर तेवढंच. मीटर लावला. दाब तोच, प्लस-मायनस तसंच. फरक एकच होता. प्लास्टिकच्या कडेला एक खाच होती, ती तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकवली होती. का? वीज डावीकडून चांगली वाहते म्हणून? कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत, पट्टी लावून ती खाच सरकवली होती, जुन्या फोनला नवा चार्जर बसू नये म्हणून. याआधी मी निष्काळजीपणावर चिडत होते. त्या दिवशी कळलं की हा निष्काळजीपणा नव्हता. यात फार काळजी घेतलेली होती.

मी कानस घेतली आणि खाच रुंद केली. चार्जर बसला. हणमंतदादांनी तो कपाळाला लावला, मग माझ्याकडे बघून हसले. “कुंकू लावत न्हाई, भिऊ नका.”

त्यानंतर जो कुणी जुन्या मॉडेलसाठी येईल त्याला मी काउंटरवरच खाच रुंद करून द्यायला लागले आणि कशी करायची तेही दाखवायला लागले. चोरून नाही, सगळ्यांसमोर. मीटर लावून, दाब तपासून. माझ्या हातून एकही फोन जळला नाही. लोकांनी नवा फोन घ्यायचं थांबवलं एवढाच गुन्हा. पुण्याच्या साहेबांना हे कुणी कळवलं माहीत नाही. ते आले, पण या वेळी मला खुर्ची दिली नाही. अण्णांना म्हणाले, “एजन्सी हवी की मॅडम?”

अण्णा त्या दिवशी बस्तीत गेले नाहीत. जागेवर बसून राहिले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, माझ्या दुकानावर चार घरं हायत गं.” मी कानस पर्समध्ये टाकली आणि बाहेर पडले. अण्णांवर माझा राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आता मी साताऱ्यात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात अर्धं टेबल भाड्याने घेऊन बसते. टेबलाच्या खणात रुंद केलेल्या खाचांचा एकही चार्जर उरलेला नाही, आणि बाजारात मिळतात ते सगळे दुसऱ्याच मॉडेलचे. कारण कंपनीने आता तेही मॉडेल बदललं आहे. या वेळी खाच नाही हलवली. पत्र्याच उलट्या लावल्या आहेत. तिथे कानस काही करू शकत नाही.

आणि मागच्या पंधरवड्यात हणमंतदादांचा निरोप आला. मान पुन्हा तुटली. मी कथलाचा डाग देऊन ती जोडली आहे, पण वायर आतून कुजली आहे आणि किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही. शब्बीरभाईंच्या भिंतीवर नंबर अजून आहे. चुन्याचा डबाही त्याच भिंतीशी आहे.

पत्रक नुसत्या निषेधावर संपवू नये, वाचणाऱ्याने उद्या सकाळी उठून काय करायचं ते त्यात असावं, असं वडील सांगायचे. म्हणून लिहिते. तुमच्या घरी, कचेरीत, मेहुण्याच्या टेबलात बंद पडलेल्या मोबाईलचा चार्जर पडलेला असेल. फोन गेला, चार्जर राहिला, फेकवत नाही, असं प्रत्येक मोबाईलवाल्याचं झालेलं आहे. तो काढा. तोंड चपटं असेल, दोन्ही बाजूंना बारीक आकडे असतील आणि कडेला एक खाच असेल, तर तो उंब्रजच्या जीपचा आहे. खाच डावीकडे असो की उजवीकडे, जीपला लावण्याआधी मी मीटर लावून बघून घेईन. दिवाळीला पुण्याहून, मुंबईहून गावी जाताना तुमची गाडी उंब्रजवरून जाणारच आहे. स्टॉपजवळ पंक्चरच्या दुकानावर नंबर रंगवलेला दिसेल. तिथे थांबा आणि चार्जर शब्बीरभाईंच्या हातात द्या.

आणि भिंतीवर नंबर दिसला नाही, नुसता चुनाच दिसला, तरीही थांबा. चार्जर द्या, आणि तिसऱ्यांदा लिहा म्हणून त्यांना माझ्या वतीने विनंती करा.